कोळ्याचं मडकं

सुनेत्रानं माझा केसानं गळा कापला, हे आधीच सांगून टाकते. पार्सिपनीच्या आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष, पंधरा वर्षांची मैत्रीण, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन आलेली. तिनंच.

अबेना माझी शेजारीण, घानाची. आजीकडून ऐकलेल्या आठ पायांच्या लबाड कोळ्याच्या गोष्टी ती माझ्या अनिकाला सांगायची. दिवसाउजेडी गोष्ट सांगायची नाही हा त्यांच्या घरचा नेम. इकडे अमेरिकेत हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो, त्यामुळे पोरीची चंगळ. शेवट ठरलेला असायचा: ही माझी गोष्ट गोड लागो न लागो, थोडी घेऊन जा, थोडी मला परत आणा. मला आपल्या साठा उत्तरांच्या कहाण्या आठवायच्या. म्हणून मीच हौसेनं म्हटलं, यंदा मंडळात मुलांचं नाटक कोळ्याचं करू. जगातलं सगळं शहाणपण मडक्यात भरून तो झाडावर लपवायला जातो आणि मडकं फुटतं, ती गोष्ट.

अबेना लगेच हो म्हणाली नाही. "लोकांनी कोळ्याला हसावं, आम्हाला नाही. एवढं सांभाळशील?"

मी शब्द दिला. कपडे आणि रंगभूषा सुनेत्राकडे होती, तिला तीनदा बजावलं, साधे कपडे घालायचे, तोंडाला काही फासायचं नाही.

"अगं हो गं बाई, डोन्ट वरी," ती म्हणाली.

नाटकाच्या दिवशी अबेना आजीचं ठेवणीतलं हातमागाचं वस्त्र नेसून आली. मी तिला मिरवतच पहिल्या रांगेत बसवलं. पडदा उघडला तर बारा मुलं, तोंडं काळ्या रंगानं माखलेली, कमरेला गवताचे घागरे. हॉल खदाखदा हसला. मागून कुणीतरी शिट्टीही मारली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, उठावं आणि नाटक बंद पाडावं. पण मागे सगळं मंडळ बसलेलं, उद्या ह्याच लोकांत वावरायचं. सुनेत्रा विंगेतून मला अंगठा दाखवत होती. मी मूग गिळून बसले, चांगली वीस मिनिटं.

बारांत एकच चेहरा पुसलेला होता, कानापाशी काळा डाग राहिलेला. तो अनिकाचा. अकरा वर्षांची पोर.

'थोडी मला परत आणा' हे शेवटचं वाक्य मुलांनी एका सुरात म्हटलं. मीच पाठ करून घेतलं होतं. अबेना तोवर हलली नाही, गोष्ट अर्धी टाकून उठू नये असं आजीनं तिला शिकवलेलं.

सुनेत्राला मी विंगेतच गाठलं.

"अगं, आफ्रिकेची गोष्ट आहे हे कळायला नको का लोकांना?" ती म्हणाली. "काय यार, इतकं मनाला लावून घेतेस."

मग मी पार्किंगकडे धावले. अबेना गाडीचं दार उघडत होती.

"आय अ‍ॅम सॉरी," मी म्हटलं. "मी सुनेत्राला सांगितलं होतं गं, तिनं मला फसवलं."

"सुनेत्राला मी ओळखत नाही," अबेना म्हणाली. "गोष्ट मी तुला दिली होती. तू उठली का नाहीस?"

माझ्या मागोमाग आलेली अनिका शेजारी उभी राहून बाहीनं कान पुसत होती.

अबेनानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ही गोष्ट परत आणू नकोस. राहू दे तुझ्याकडेच."