छत्रीमागच्या आत्याबाई

मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मित्रांनो, मी जन्मभर सत्याशिवाय दुसरे काहीही टिपलेले नाही. अपवाद फक्त एका लग्नाचा. त्या लग्नात मी सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत सहाशे बारा वेळा खोटे बोललो, आणि त्याचे मला अजून वाईट वाटलेले नाही.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे माणसे पांढरे डगले घालून, श्वाससुद्धा जपून घेत काम करायची. एवढ्या लाडात वाढलेल्या जिवाला पुढे लोकांच्या लग्नांत कोपरांचे धक्के खात उभे राहावे लागेल, हे तिथे कोणी बोलले नव्हते. माझा पहिला मालक बाजारातला एक फोटोग्राफर. माणूस भला होता, पण त्याला कोणालाही ‘जरा बाजूला व्हा’ असे म्हणता येत नसे. पुढचे सगळे रामायण त्याच्या या सभ्यपणामुळे घडले.

एकदा तो मला एका लग्नाला घेऊन गेला. नवरी पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसणारी, हसऱ्या चेहऱ्याची. नवरा सहा फुटी, पण आवाजाने चार फुटी. आणि नवऱ्याची आत्या. आत्याबाई उंचीला बेताच्या होत्या. उत्साहाला मात्र त्यांच्या कुठेच काठ नव्हता. नवरी दारातून आत आली, तिच्यापुढे आत्याबाई. अंगठी घालायची वेळ आली, अंगठी आणि माझ्यामध्ये आत्याबाईंचा खांदा. नवरीच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा ते पुसायला आत्याबाईंचा रुमाल इतका पुढे आला, की फोटोत फक्त रुमाल आला. वैतागून मी दोनदा फ्लॅश मारला नाही. तेव्हा आत्याबाई माझ्या मालकाला म्हणाल्या, “हा डबा बदला हो. यात काही जीव नाही.”

डबा. मित्रांनो, मला आजवर पुष्कळ लोकांनी पाडले आहे, एकाने माझ्यावर सरबतही सांडले आहे. ते सगळे मी विसरलो.

अल्बममध्ये दोनशे चार फोटो होते. नवरीने एका रविवारी बसून मोजले. आत्याबाई एकशे शहाण्णव फोटोंत होत्या. नवरी एक्केचाळीस फोटोंत होती आणि त्यांतल्या नऊ फोटोंत पूर्ण होती. बाकीच्यांत एक कान, एक कोपर, असे हप्त्याहप्त्याने.

“अगं, हौशी आहे ती,” नवरा म्हणाला. “तिच्या मनात काही नसतं.”

“माझ्या मनात आहे,” नवरी म्हणाली.

ती तडक फोटोग्राफरकडे गेली. त्याने स्वतःचा सभ्यपणा वगळून सगळा दोष माझ्यावर ढकलला. “कॅमेराच जुना झालाय, ताई. काढून टाकणार आहे मी.”

“मग मला द्या,” ती म्हणाली. अशा रीतीने दोन नाराज जीव एका घरी राहायला आले.

काही महिन्यांत तिने नोकरी सोडली आणि लग्नाचे फोटो काढण्याचा व्यवसाय सुरू केला. लोकांना तिने सांगितले, की लहानपणापासून आवड होती. माझी काच पुसताना मात्र ती मला म्हणाली, “आत्यांना दोन मुली आहेत.” तेवढ्यावरून मला सगळे समजले. सहा वर्षे खिडकीवर लोकांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या बाईची स्वतःची तक्रार नोंदवायला जगात एकच जागा उरली होती, आणि ती आत्याबाईंच्या मुलीचा अल्बम ही होती.

पुढच्या खोलीतला सोफा मागे गेला. भिंतीला पांढरा पडदा लागला, दारावर पाटी आली. सुरुवात काही दैदीप्यमान नव्हती. पहिल्या लग्नात अंगठीच्या वेळी माझे झाकण काढायचे राहिले. दुसऱ्या लग्नात तिने तासभर नवऱ्याच्या धाकट्या भावाचे सुरेख फोटो काढले, कारण तो नवऱ्यापेक्षा बऱ्या कपड्यांत होता. पण ती शिकली. मुख्य म्हणजे ‘जरा बाजूला व्हा’ हे वाक्य ती इतक्या गोड आवाजात म्हणायला शिकली, की माणसे बाजूला होऊन वर आभार मानायची. तिच्या फोटोंत नवरी अखंड दिसते, असा बोलबाला झाला. नवरा सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर दिवा धरायला येऊ लागला. दिव्याला मोठी पांढरी छत्री असते. तिच्यातून प्रकाश मऊ पडतो. छत्रीमागे उभे केलेले माणूस मात्र अजिबात दिसत नाही. हे तिने पहिल्याच दिवशी हेरून ठेवले होते.

तिसऱ्या वर्षी आत्याबाई पत्रिका घेऊन आल्या. “थोरलीचं ठरलं गं. फोटो तूच काढायचे. घरचं माणूस असताना बाहेरचा कशाला?”

मालकिणीने चहा ओतला. तो बराचसा बशीत गेला.

लग्नाच्या सकाळी तिने नवऱ्याला नीट समजावले. “आत्या जिथं उभ्या राहतील, तिथं त्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये तू. छत्री खाली.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“एखादा तरी काढ गं. आत्या आहे माझी.”

“आत्या तुझी. फोटो माझे.”

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. आत्याबाई पुढे आल्या, की छत्री पुढे यायची. त्या डावीकडे सरकल्या, की छत्री डावीकडे. आणि आत्याबाई खूष. “बघा हो,” त्या विहीणबाईंना सांगत होत्या, “भाच्यानं लाइट खास माझ्यावर धरलाय.” त्यांनी तीनदा पावडर लावली. हनुवटी वर करून, दिवसभर त्या छत्रीच्या आतल्या बाजूकडे पाहून हसत होत्या. सहाशे बारा फोटोंत त्यांचे नखसुद्धा आले नाही.

एक प्रसंग सांगायला हवा. दुपारी थोरलीचे नवे बूट चावत होते. आत्याबाई शेवटच्या ओळीतल्या खुर्चीवर एकट्याच बसून, बूट मांडीवर घेऊन त्यांचे पट्टे सैल करत होत्या. भाचा हात धुवायला गेला होता. मध्ये छत्री नव्हती, कोणीच नव्हते. उजेड खिडकीतून इतका सुंदर येत होता, की तसा फोटो वर्षातून एकदा मिळतो. मालकिणीने मला डोळ्याला लावले. बोट बटणावर ठेवले. बराच वेळ ठेवले. मग मला खाली घेतले. बॅटरी संपली, असे तिने नंतर नवऱ्याला सांगितले. बॅटरी निम्मी होती.

अल्बम जाड पुठ्ठ्याचा, चार बोटे जाडीचा झाला. तो पोहोचवून आल्यावर ती फोन समोर ठेवून बसली. अकरा दिवस गेले. नवऱ्याला जेवण जाईना. थोरलीचा तेवढा फोन आला. “वहिनी, काय दिसतेय मी.”

“आत्यांनी बघितला?”

“तिच्याकडेच ठेवलाय.”

बाराव्या दिवशी मालकीण मला गळ्यात घालून आत्याबाईंच्या घरी निघाली. त्यांच्या चेहऱ्याचा फोटो घ्यायचा होता. तीन वर्षांच्या मेहनतीची तेवढी एक पावती. नवरा मागून येत होता, दवाखान्यात यावे तसा.

आत्याबाईंनी दार उघडले. “या, या. अल्बम फार छान झालाय हं.”

मालकिणीचे बोट बटणावर गेले. “नीट पाहिलात ना, आत्या? सगळा?”

“मी कशाला बघू? मी होते ना तिथं दिवसभर.”

“अजून पाहिला नाही?”

“आमची थोरली म्हणाली छान झालाय. मग झालं.”

“आणि माझ्या लग्नाचा?” तिचा आवाज जरा चिरकला. “तो तरी?”

“तो तुझ्याकडे असतो ना. मी कुठून बघणार?” आत्याबाई भाच्याकडे वळल्या. “धाकटीच्या वेळीही लाइट तूच धर हो. दुसऱ्या कोणाला जमायचं नाही.”

नवऱ्याने बारा दिवसांत पहिल्यांदा बिस्किट खाल्ले. फोटो काढला गेला नाही. या वेळी बॅटरी पूर्ण भरलेली होती.

तेव्हा मित्रांनो, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. आपल्या घरातल्या कॅमेऱ्याची काळजी घ्या. त्याची काच मऊ फडक्याने पुसा, झाकण वेळेवर काढा, आणि त्याला डबा म्हणू नका. तो लक्षात ठेवतो. आणि कोणाचा सूड घेण्यासाठी धंदा उभारणार असाल, तर ते माणूस अल्बम उघडणारे आहे का, याची आधी चौकशी करा. धंदा मात्र बरा चालला आहे. धाकटीचे लग्न ठरले आहे आणि छत्री नवी घेतली आहे.

थोरलीचा अल्बम आत्याबाईंच्या घरी टेबलफॅनखाली आहे. त्याच्या उंचीमुळे वारा आता पलंगापर्यंत येतो.