रेजिनाला वाईट काम जमेना

सोमवारी सकाळी बूट घालता घालता जितेंद्र म्हणाला, "आई, डब्याला गिऱ्हाईक मिळालंय. रविवारी सकाळी येतायत बघायला." एवढं सांगून तो कंपनीच्या कामाला बडोद्याला निघून गेला. तोही रविवारी सकाळीच परतणार होता.

डबा म्हणजे जितेंद्रचा कॅम्पर ट्रेलर. जीपच्या मागे बांधायचा, दोन जाड चाकांचा, आत दोघंतिघं झोपतील एवढी खोली आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. डोंगरात, नदीत, दगडधोंड्यांत कुठेही न्या, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. जितेंद्रने तो एकदाच चिंचोटीपर्यंत नेला, चिखलात रुतवला, ट्रॅक्टर लावून बाहेर काढला आणि बोळिंजच्या वाडीत चिकूच्या झाडाखाली आणून उभा केला. त्याला तीन वर्षं झाली. राखाडी रंगाला पोपडे आले, पत्र्याला गंज चढला आणि एक मांजर त्यात दोनदा व्याली.

वसुंधराबाईंना मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला होता. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला तो ट्रेलर वाटतच नसे, छपराची बैलगाडी वाटे. त्यांच्या लहानपणी वडील केळीची वाडी चार दिवस गड्यावर सोपवत, सगळं घर गाडीत घालत आणि वज्रेश्वरीला नेत. तानसा नदीच्या काठी गाडी सोडायची, तीन दगडांची चूल मांडायची, गरम कुंडात अंघोळी करायच्या आणि गाडीखाली गोणपाट टाकून झोपायचं. उशाशी बैल रवंथ करत असायचे. तसली झोप पुन्हा कधी लागली नाही, अगदी माहेरीसुद्धा. "एकदा मला या डब्यातून तानसेच्या काठी ने," एवढंच त्यांनी लेकाकडे मागितलं होतं. "पुढच्या महिन्यात नक्की," असं तो दर महिन्याला म्हणत आला. आता तर डबाच जाणार होता.

वसुंधराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली, "रेजिना, हातात काय काम आहे?"

रेजिना शेजारच्या वाडीतली, शाळेच्या बाकापासूनची मैत्रीण. तिचा नवरा अर्नाळ्याला होड्या रंगवायचा. शेवटची दहा वर्षं त्याचे गुडघे गेले होते, तेव्हा शिडीवर रेजिना चढायची आणि तो खाली बसून नुसत्या चुका काढायचा. तो गेला, पण त्याचे ब्रश तिने अजून तेलात ठेवले होते.

"गिऱ्हाईक पळून गेलं पाहिजे," वसुंधराबाईंनी सगळं सांगून झाल्यावर म्हटलं. "असा रंग दे डब्याला, की बघणाऱ्याला मळमळावं."

"पोपटी आहे माझ्याकडे. पिवळा आहे. लाल पण आहे," रेजिना म्हणाली. "पण जितू ओरडेल."

"ओरडू दे. त्याला चड्डी घालायला मी शिकवलंय."

"मला ओरडला तर सांगेन, वसूने करायला लावलं."

"सांग. मीच लावलंय."

मंगळवारी काम सुरू झालं आणि पहिल्याच तासाला अडलं. वसुंधराबाई पोपटी रंगात ब्रश बुडवून सरळ गंजाकडे निघाल्या होत्या. रेजिनाने त्यांचं मनगट धरलं.

"गंजावर रंग? माणूस आहेस की कोण?"

"अगं, आपल्याला वाईटच करायचंय ना?"

"वाईट करायचंय. खोटं नाही करायचं."

मग तारेच्या ब्रशने गंज खरवडला. पॉलिश पेपर घासून घासून दोघींच्या बोटांची सालं निघाली. गंज पुन्हा धरू नये म्हणून रेजिनाने रेड ऑक्साईडचे दोन हात दिले. जिथे पत्रा चेपला होता तिथे वरून लांबीचा लगदा भरला, सुकू दिला आणि घासला. बुधवारी संध्याकाळी डबा तांबडा झाला होता आणि अंगावर लांबीचे पांढरे चट्टे उठले होते, जसा काही देवी आलेला बैल. वसुंधराबाई खूष झाल्या.

"इथेच थांबू या."

"असा उघडा? दव पडतं की."

गुरुवारी खालचं अंग पोपटी झालं, शुक्रवारी वरचं पिवळं. रेजिनाचा हात एकदा चालू लागला की थांबत नसे. कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा केस चिकटलेला नाही. शनिवारी तिने बारीक ब्रश लाल रंगात बुडवला आणि होडीच्या काठाला ओढतात तशी रेघ दोन रंगांच्या मध्ये ओढायला घेतली. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही.

"ही कशाला आता?"

"रंगाला रंग भिडला की मध्ये रेघ लागते."

"मग निदान वाकडी काढ."

रेजिनाने खरोखर प्रयत्न केला. मनगट सैल सोडलं, एक डोळा मिटला. रेघ सरळच आली. पुसून पुन्हा काढली, तर आधीपेक्षा सरळ आली.

"जमत नाही गं," ती म्हणाली. "वरून तो चुका काढतोय असं वाटतं."

वसुंधराबाईंना तरी कुठल्या तोंडाने बोलायचं होतं? त्यांनी आतली मांजरीची चिंध्यांची गादी काढून फरशी धुतली होती. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी ठोकली होती, जुन्या इरकली लुगड्याचे पडदे लावले होते, मीठमसाल्याच्या बरण्या हिंदकळू नयेत म्हणून ओट्याच्या फळीला काठ बसवला होता. दाराखाली झोपाळ्याच्या मोडक्या फळीची एक पायरी केली होती, त्यांच्या गुडघ्याला झेपेल एवढीच उंच.

"विकला जाऊ नये म्हणतेस, आणि आत सगळं गोड करतेस. ही पायरी कोणासाठी?" रेजिनाने विचारलं.

"मांजरीसाठी."

सून हेमांगी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. नवऱ्याचा फोन आला की ती सांगे, "आई बऱ्या आहेत. जरा व्यायाम चाललाय त्यांचा."

रविवारी जितेंद्र खांद्यावर बॅग घेऊन वाडीत शिरला आणि तिथेच उभा राहिला. "आई, हे काय आहे?"

"रंग आहे."

पुढे बोलायला त्याला वेळ मिळाला नाही. गिऱ्हाईक फाटकातून आत येत होतं. विरारच्या एका टॉवरमध्ये राहणारा पियुष आणि त्याची बायको सलोनी, दोघंही नोकरदार, जीप नवी कोरी. सलोनी खाली उतरली, डब्याभोवती एक फेरी मारली आणि पायरीवर बसली.

"पियुष, हा फोटोपेक्षा किती मस्त आहे. आपण पण असलाच कलर शोधत होतो ना?"

जितेंद्र चटकन सावरला. "हो, मुद्दाम करून घेतला."

"आत मांजर व्याली होती," वसुंधराबाई म्हणाल्या. "दोनदा."

"आम्हाला मांजरं आवडतात, आजी."

"ही रेघ कोणी मारली?" पियुषने वाकून विचारलं.

वसुंधराबाईंनी रेजिनाला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. "मीच," रेजिना म्हणाली. "खाली रेड ऑक्साईडचे दोन हात आहेत. दहा पावसाळे बघायला नको."

पाच मिनिटांत सौदा ठरला, हातावर हात पडला आणि जितेंद्र पाहुण्यांना चहाला घरात घेऊन गेला.

"काय केलंस तू हे?" वसुंधराबाई म्हणाल्या.

"मी काय केलं? तिला तुझी पायरी आवडली."

वसुंधराबाई डब्याच्या पुढच्या दांडीकडे बघत होत्या. दांडीच्या टोकाला लोखंडी जबडा होता. तो जीपच्या मागच्या गोळ्यावर बसला की डबा जीपच्या मागे निघे. जबड्याला तीन नट होते.

"रेजिना, तुझ्या पिशवीत पाना आहे?"

दोन नट तेल सोडल्यावर सुटले. तिसऱ्यासाठी वसुंधराबाई पान्यावर चक्क उभ्या राहिल्या, रेजिनाने त्यांना कमरेला धरलं. जबडा निखळून हातात आला. तो पदरात गुंडाळून त्या ओटीवर जाऊन बसल्या आणि जपमाळ ओढावी तसे हात मांडीवर ठेवले.

चहा झाला. पियुषने जीप मागे घेतली, खाली उतरला आणि दांडीकडे बघतच राहिला. "जितेंद्रजी, इथे काहीतरी असतं ना?"

जितेंद्रने दांडी पाहिली, मग आईची मांडी पाहिली. "आई, दे तो."

"डबा नेऊ दे त्यांना. दावं नाही मिळायचं."

"कसलं दावं? तो कपलर आहे."

"जनावर विकलं तरी दावं घरी ठेवतात. तुझ्या आजोबांनी सहा बैल विकले, एकाचंही दावं दिलं नाही. रिकामं दावं घरात असलं की खुंट्याला दुसरं जनावर येतं."

"आई, हा बैल आहे का?"

"मग मागे बांधून कशाने नेणार आहेत ते? दाव्यानेच ना?"

सलोनीने नवऱ्याकडे पाहिलं. जितेंद्रच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पियुष मात्र ओटीच्या कडेला टेकला आणि हसू लागला.

"आमचे आजोबा सांगोल्याच्या बाजारातून खिलार बैल आणायचे," तो म्हणाला. "घरून निघतानाच नवं दावं खांद्यावर असायचं. चूक माझीच आहे, मी रिकाम्या हाताने आलो." मग त्याने पुन्हा दांडी पाहिली. "पण या मापाचा मागवावा लागेल. तीन आठवडे तरी जातील."

"जाऊ देत," वसुंधराबाई म्हणाल्या. "डबा तुमचाच. शब्द गेलाय आमचा. पण तोवर आमच्या दाव्याने आम्ही एकदा नदीवर जाऊन येतो, तुमची हरकत नसेल तर."

"जा की. फक्त रेघेला ओरखडा नको."

"तुझ्यापेक्षा मला जास्त काळजी आहे तिची," रेजिना म्हणाली.

पाहुणे गेल्यावर जितेंद्रने हात पुढे केला. वसुंधराबाईंनी पदर घट्ट धरला. "आधी वार सांग."

"शनिवार."

"महिना?"

"हाच, आई. येता शनिवार."

तेव्हा कुठे जबडा त्याच्या हातात पडला.

तानसेच्या काठी आता पूर्वीसारखं काही नव्हतं. पलीकडे हॉटेलांच्या पाट्या होत्या, पाणीही उतरलेलं होतं. पण तीन दगड मिळाले. जितेंद्रने चूल पेटवायला अर्धी काडेपेटी संपवली, तेव्हा रेजिनाने त्याला बाजूला केलं. सकाळी वसुंधराबाई पायरीवर बसल्या, पाय वाळूत सोडले आणि चहा प्यायल्या. जितेंद्र विजार दुमडून पाण्यात बसला होता. निघायची आठवण रेजिनाने दोनदा करून दिली, तरी तो म्हणत होता, "दहा मिनिटं."

पुढच्या पंधरवड्यात पियुषचा फोन आला, नवा कपलर मिळाला म्हणून. ठरल्या दिवशी तो यायच्या आधीच जितेंद्रने स्वतः पाना घेतला, तीनही नट सोडवले, जबडा फडक्याने स्वच्छ पुसला आणि आईच्या खाटेखाली भिंतीला लावून ठेवला. मग हात धुऊन बाहेर आला आणि कुंपणावरून विचारलं, "रेजिना मावशी, दुसऱ्या डब्याच्या रेघेला पुरेल एवढा लाल रंग उरलाय का?"