मिठात राहिलेली अर्धी दांडी

मी क्लचची दांडी बोलतेय. मोटरसायकलच्या डाव्या मुठीपुढे असते ना, गिअर टाकताना बोटांनी ओढायची, तीच. माझा आवाज कापतोय, कारण मी घाबरलेली आहे. कच्छच्या रणातून परत आल्यापासून ही भीती माझ्या अंगातून गेलेली नाही.

माझा जन्म चाकणजवळच्या एका पत्र्याच्या शेडमधला. वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात ओतलं, घासून गुळगुळीत केलं आणि मला गणराजच्या गाडीला बसवलं. माणूस मला कळतो तो त्याच्या बोटांवरून. गणराजची चारही बोटं माझ्यावर एकदम पडायची, ऐटीत. सिग्नलला थांबला की तो माझ्यावर ताल धरायचा. मला त्याचा हात फार आवडायचा.

मागच्या वर्षी महाळुंग्याच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली तो हात सापडला. अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. गाडी कित्येक महिने तळवड्याच्या गल्लीत धूळ खात उभी होती. मग एक दिवस हात आला, पण त्यात फक्त अनामिका आणि करंगळी होती. त्यांनी मला टोकाला धरलं. दांडी टोकाला हलकी लागते आणि मुळाशी जड. त्या दोन बोटांना टोकच पेलायचं, तेही कसंबसं. थोडं ट्रॅफिक लागलं की ती थरथरायची. घरी मात्र गणराज सांगायचा, "काही फरक नाही पडला. पहिल्यासारखीच चालवतो."

त्याचा मित्र समर्थ त्याच्या शेजारच्याच खोलीत राहतो. नववीनंतर शाळा सोडली आणि पॅकिंगच्या कामाला लागला. फार लाजाळू मुलगा. गल्लीबाहेर गाडी न्यायची म्हटलं तरी त्याला घाम फुटतो. दिवाळीच्या सुट्टीत गणराजने त्याला गाठलं.

"भावा, शनिवार-रविवार वाळवंटात गाडी फिरवायची. गाडी रेल्वेने भुजला टाकू."

"वाळवंटात? राव, मला भोसरीच्या चौकात भीती वाटते."

"अरे म्हणूनच चल की! तिथं एकपण चौक नाही."

समर्थ हसला. अपघातानंतर गणराज पहिल्यांदाच असा मनापासून बोलत होता. त्याला नाही कसं म्हणायचं, हे समर्थला कळलं नाही.

मला गोणपाटात गुंडाळून पार्सलच्या डब्यात टाकलं. शनिवारी सकाळी भुजला गोणपाट सुटलं आणि आम्ही उत्तरेला निघालो. गावं संपली. बाभळी खुज्या झाल्या, मग त्याही संपल्या. मग दोन्ही बाजूंना नुसतं पांढरं. मीठच मीठ, आभाळाला टेकेपर्यंत. मधून एक काळा रस्ता. मागून समर्थ म्हणाला, "इथं काही झालं तर हाक तरी कुणाला मारायची?"

"मला मार," गणराज म्हणाला. "मी आहे ना!"

त्याची बोटं तेव्हाच घामाने ओली झाली होती. गाडी थांबली की तो हात झटकायचा आणि म्हणायचा, "मुंग्या आल्यात जरा." समर्थ त्या हाताकडे बघायचा. मला ओरडावंसं वाटत होतं की मुंग्या नाहीत, हात संपत आलाय. पण मी दांडी. ओढल्याशिवाय हलत नाही.

दुपारी गणराजला मिठात उतरून फोटो काढायची हौस आली.

"ओलं असेल रे," समर्थ म्हणाला.

"फरशीसारखं आहे बघ. घाबरटा, घट्ट धर."

आपल्याकडे पाऊस सरून गेला, की जमीन वाळली असं समजतात. रणाचं तसं नाही. वर मिठाचा पापुद्रा आणि खाली काळा चिखल तसाच मुरलेला. आम्ही रस्ता सोडून बरेच आत गेलो तेव्हा मागचं चाक कर्रकन आत गेलं. गणराजने गाडी रेटली. चाक आणखी रुतलं. मला अर्धवट दाबून धरायला हवं होतं, हळूहळू सोडायला हवं होतं. त्या बोटांनी धरलंही. मग ती थरथरली आणि घसरली.

मी सुटले. गाडीने उसळी मारली आणि डाव्या अंगावर कोसळली. मी मिठावर आपटले आणि मधोमध मोडले. माझा टोकाकडचा अर्धा भाग चिखलात रुतून बसला. तो अजून तिथंच आहे.

दोघांनी गाडी उभी केली. दोघांनाही लागलं नव्हतं. गणराजने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. उरलेल्या भागाला त्याने हात घातला, दात-ओठ खाऊन ओढलं. पण मुळाशी मी जड. दोन बोटांना मी हललेसुद्धा नाही. त्याने पुन्हा ओढलं. पुन्हा. ऊन डोक्यावर होतं, पाण्याची एकच बाटली, ती अर्धी. फोनला रेंज नाही. रस्ता लांबवर एका रेघेएवढा दिसत होता आणि त्यावर एकही गाडी नव्हती.

"समर्थ," तो खाली बघत म्हणाला, "तुला चालवावी लागेल."

"मला नाही जमणार राव. मी पाडीन."

"पाडलीच आहे की मी. आणखी काय पाडशील?"

समर्थ बसला. त्याची पहिली दोन बोटं माझ्यावर आली. बर्फासारखी गार होती, एवढ्या उन्हात! गणराज मागे गेला, घोट्यापर्यंत चिखलात उभा राहिला आणि खांद्याने गाडी रेटू लागला.

"क्लच दाब! पहिला टाक. आता सोड. हळू रे, हळू!"

गाडी बंद पडली. पुन्हा. पुन्हा बंद. समर्थच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपण इथंच राहणार," तो पुटपुटला.

"नाही राहत. माझ्याकडे बोटं नाहीत, तुझ्याकडे आहेत. सोड हळू."

त्याने सोडलं. केसाएवढं, मग आणखी केसाएवढं. चाक फिरलं, चिखल उडाला, गणराज चिखलाने काळाकुट्ट झाला आणि गाडी पापुद्र्यावर चढली. समर्थ थांबलाच नाही. थेट रस्त्यावर जाऊन थांबला आणि तिथं त्याला रडू कोसळलं. गणराज धावत आला, मागे बसला. भुजपर्यंत तो मागून सांगत राहिला आणि समर्थ चालवत राहिला.

इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. पण तळवड्यात आल्यावर गणराजची आई शालनबाई दारात उभी होती. "आरं, समर्थ कसा काय चालवतोय गाडी?"

"क्लच तुटलाय ना आई, म्हणून," गणराज पटकन म्हणाला.

तेव्हापासून तो सगळ्यांना हेच सांगतो. गॅरेजवाला सोनू रोज ओरडतो, "गणाभाऊ, नवी दांडी टाकून देतो, पाच मिनिटांचं काम!"

"गुरुवारी बघू. कंपनीला सुट्टी असते."

गुरुवार येतात आणि जातात. मी तुटलेली आहे तोवर त्याला कुणापुढे हात दाखवावा लागत नाही. समर्थला हे सगळं कळतं. पण तो मित्राला असं तोंडावर बोलणारा नाही. गपचूप पुढे बसतो, दोघांना कामावर नेतो.

माझ्या मुळाशी एक तडा गेलाय. मिठावर आपटले तेव्हा तो नुसता धाग्यासारखा होता. काल चाकणच्या रस्त्यावर, मागून कंटेनर भोंगा वाजवत येत असताना, समर्थने मला जोरात ओढलं आणि तडा अंगभर सरकला. त्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही. मी तिथं तुटले तर दोघंही चाकाखाली जातील. रणात निदान रस्ता मोकळा होता.

गणराज, मला काढून टाक रे. नवी दांडी बसली तरी समर्थ पुढची जागा सोडणार नाही. तुला फक्त एकदा म्हणायचंय की हाताला जमत नाही.

आणि तुम्ही, ऐकणारे. ही जोडी तुम्हाला दिसेल, पुढे घाबरलेला आणि मागे बडबडणारा. थांबवा त्यांना. क्लच कधी बदलणार ते विचारा. मागचा हसून "गुरुवारी" म्हणेल. तेव्हा त्याच्याबरोबर हसू नका. त्याच्या दंडाला धरा आणि गॅरेजपर्यंत सोबत जा.