फोनानं नाई म्हनलं

माहा राग लवकर जात नाई, हे साऱ्या बीबी गावाले ठाऊक हाय. पन मानसावर राग काढता येते. फोनावर काय काढता? फोडला त आपलंच नुस्कान.

अख्तरी माही शेजारीन, भितीले भीत लागून. तिचा नवरा नजीरभाई गाद्या भराचा. दिवाळीनंतर तो गेला अन् अख्तरी इद्दतीत बसली. इद्दत म्हंजे नवरा मेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरातच राहाचं, नटाचं नाई, परक्या मरदापुढं याचं नाई. तिचं दळन-किराना मीच आनून देत व्हती.

अशात एका सकाळी मेहकरहून फोन आला. तिची लेक आसमा दवाखान्यात, पहिलंच लेकरू, अन् तेबी पोटात आडवं. आसमा रडून राह्यली व्हती. "अम्मी, तू ये. मले लय भेव लागते."

अख्तरीनं खुंटीवरचा बुरखा काढला, परत टांगला. "शालू, इद्दतीत जाता येते का वं?"

"मले काय पुसतं? नसीम उस्तानीले पूस. चार घरं सोडून त राह्यते." नसीम उस्तानी गल्लीतल्या पोरीले कुराण शिकवते, तिले दीनातलं, म्हंजे धरमातलं, समजते.

"नको मा. तिथं बाया बसल्या असतीन. म्हनतीन, मियांच्या कबरीची माती वाळली नाई अन् इले फिराचं सुचते. मौलानासाहेब त परके मरद." मंग तिनं माह्या हातातल्या फोनाकडं पाह्यलं. "तो बोलनारा हाय ना याच्यात? त्याले पूस. तो कोनाले सांगनार नाई."

माह्या सुनेनं, निशिगंधानं, फोनात ते एआय टाकून देल्लं व्हतं. कापसाचा भाव इचारा, औषध इचारा, सारं सांगते. आवाज मानसाचा. तो बोलाले लागला तशी अख्तरीनं ओढनी तोंडावर ओढली. "अवं, तो का मरद हाय? ना त्याले आंग, ना त्याले डोळे," म्हनून मी हासली. तवा मले हासू आलं, याचाच आता राग येते.

मी इचारलं, इद्दतीतल्या बाईले लेकीच्या बाळंतपनाले जाता येते का? तो गोड आवाजात म्हने, "नाही. इद्दतीच्या काळात विधवेने घर सोडू नये. मुलीजवळ इतर नातेवाईक असतील, तर आईने घरीच थांबून दुआ करावी." लेकीले काय झालं, अडचन केवढी, जायाचं कुठं, काई इचारलं नाई. तुमच्या जानकाराले पुसा, हेबी म्हनलं नाई. शुद्ध पुस्तकातल्या भाषेत बोलला, म्हनून आमी दोघीनं मुंडी हालवली.

अख्तरीनं लेकीले 'इद्दतीत येता येत नाई' म्हनून कळवलं, बुरखा घडी करून पेटीत ठेवला अन् दिवसभर जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, बसून राह्यली. संध्याकाळी जावयाचा फोन आला. आसमा वाचली, लेकरू हाती आलं नाई.

त्यानंतर आसमा आईसंग बोलेच ना. फोन लावला की नणंद उचले, म्हने, "भाभी झोपली हाय." अख्तरी जेवेना. "अल्लाचा हुकूम व्हता, शालू," एवढंच म्हने, अन् त्याच शब्दावर जगून राह्यली व्हती.

मंग एक दिवस नसीम उस्तानी भेटाले आली. सारं आयकलं अन् कपाळाले हात लावला. "अव बाई, लेकीच्या जिवावर बेतलं व्हतं. अशा तंगीत, अडचनीत, दिवसा जाऊन रातच्याले घरी येता येते. मी सोता तुले जीपीत बसवली असती. मले काऊन नाई पुसलं?"

माह्या डोक्याची शीर उठली. मी तिथंच फोन काढला अन् त्याले झापलं, "काऊन बे, जाता येत व्हतं ना?"

तो त्याच गोड आवाजात म्हने, "माफ करा. तुमचं बरोबर आहे. अशा निकडीच्या वेळी जाण्याची मुभा अनेक आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार, देतात. याबाबत स्थानिक आलिमांचा सल्ला घ्यावा. आणखी काही मदत करू का?"

अख्तरी आयकून राह्यली व्हती. या खेपेला तिनं ओढनी तोंडावर घेतली नाई. मले वाटलं, हे मी तिच्यापुढं पुसाले नोको व्हतं. बिचारीजवळ एक हुकूम त व्हता, तोबी मी हिसकून घेतला.

ती उठली अन् पेटीतून बुरखा काढला. उस्तानी म्हने, "जा. लेकीचं मन तुटलं, हेबी तंगीच हाय. दिवस बुडाच्या आत घरी ये." मी संग गेली.

मेहकरले आसमा खाटेवर भितीकडं तोंड करून पडली व्हती. आईनं हाक मारली तशी वळली, पन उठली नाई. आईच्या आंगावरचा बुरखा पाह्यला, अन् हळूच म्हने, "इद्दत त अजून सरली नाई ना, अम्मी. आज कोन हो म्हनलं?"

अख्तरीनं माह्याकडं पाह्यलं. फोन माह्या पिशवीत व्हता, अन् मी पिशवी पदराखाली घेतली.