बांधलेलं बटण

थोरल्याच्या हातचा मार खाल्लेली माणसं कारखान्यात चार होती आणि चौघांचा गुन्हा एकच, कामावर लक्ष नसणं. पत्रा ठोकून त्याला आकार देणाऱ्या प्रेसचे साचे बसवायचं काम त्याचं. माणसं सरळ करायचं काम मात्र त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं याच प्रेसनं खाल्ली होती, त्यामुळे त्याला कुणी उलटून बोलत नसे.

पाचवा निघाला त्याचा सख्खा भाऊ, बारक्या.

प्रेसला दोन बटणं असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. बारक्यानं डावं बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून टाकलं होतं. मोकळ्या डाव्या हातानं पत्रा सरकवायचा, उजव्या हातात मोबाइल आणि त्याच हाताच्या कोपरानं बटण दाबायचं. पडद्यावर कुणीतरी कुत्र्याला अंघोळ घालत होतं आणि हे महाशय गालातल्या गालात हसत होते. दर ठोक्याला बोटं कशीबशी निसटत होती, त्याचा याला पत्ताच नव्हता.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप गेल्यावर त्यानंच या पोराला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. त्या पोराचा हात तुटलेला पाहायची ताकद त्याच्यात नव्हती. दोन शब्द समजावून सांगायचीही नव्हती, हेच त्याचं दुर्दैव.

त्यानं आधी कानाखाली काढली. मोबाइल हिसकावून टाचेखाली चिरडला. मग मानगूट धरून बारक्याचं तोंड खांबावर आदळलं. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर उतरलं.

"दादा, सोड! चुकलं माझं!"

"कुठं बघत होतास? सांग!"

"पाचच मिनिटं रे..."

"माझी बोटं जायला पाच मिनिटं लागली का?"

शेजारच्या प्रेसवरची बाई ओरडली, "अहो, सोडा त्याला! मशीन चालू आहे!" थोरल्याच्या कानात काही शिरलं नाही. त्यानं बारक्याचा हात दंडाला धरून साच्यात दाबला. "इथं बघ! इथून नजर हलली तर डोळे फोडीन!"

बारक्या सुटायला धडपडला, तसं थोरल्यानं अंगाचं सगळं वजन त्याच्यावर टाकलं. त्याचं कोपर उजव्या बटणावर पडलं.

डाव्यावरची पट्टी कुणी काढलीच नव्हती. ती थोरल्यानं पाहिली होती, तिच्यावरूनच तर तो पेटला होता.

ठोका नेहमीसारखाच पडला. किंकाळी त्यानंतर आली. साचा वर गेला तेव्हा खाली पंजा म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

दवाखान्यात आई धावत आली. बारक्या औषधाच्या गुंगीत होता, तरी तिला पाहून त्यानं फाटका ओठ हलवला. "माझं लक्ष नव्हतं, आई. मोबाइल बघत होतो." दादाचं नावसुद्धा घेतलं नाही त्यानं.

आई थोरल्याकडे वळली. "आणि तू रे? लक्ष ठेवीन म्हणून नेलंस ना माझ्या लेकराला? कुठं होतं तुझं लक्ष?"

"त्याच्यावरच होतं, आई," थोरला म्हणाला. "बटण माझ्याच कोपरानं दाबलं."