डेल्मरची शीर

मी नर्स. उभा जन्म हॉस्पिटलात गेला, आणि आता पाय वर करून बसायच्या वयात वकिलांच्या मागे फिरते. ज्यांना सरकार मारायला निघालंय, त्यांच्या वकिलांना मी दुखणी समजावून सांगते. वकिलांना कायदा सगळा पाठ, पण यकृत उजवीकडे की डावीकडे ते मला विचारतात.

डेल्मर पूलचं प्रकरण तसं साधं होतं. पोरवयात त्यानं पेट्रोल पंपावरच्या एका बाईला गोळी घातली. ते तो नाकारत नाही, मीही नाकारत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आमच्या राज्यात मारायचं ते विषाची सुई टोचून, आणि सुईला शीर लागते. मागच्या वर्षी त्याला टेबलावर बांधलं. हात झाले, पाय झाले, मान झाली, शीर काही सापडेना. मृत्युदंडाच्या वॉरंटाची मुदत संपली तसं त्याला सोडवून परत कोठडीत नेलं. तुरुंगाचा साहेब टीव्हीवर म्हणाला, सगळं शिस्तीत पार पडलं. माणूस जिवंत राहिला, तेवढं सोडून.

आता सरकारला पुन्हा प्रयत्न करायचा होता. त्याचा वकील फिंचर माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. पोरगा उत्तरेतला, आमचा गोड चहा पिताना तोंड वाकडं करतो.

"व्हर्लीनबाई, तुम्ही फक्त सांगायचं की याची शीर सापडणं अशक्य आहे. म्हणजे सुई रद्द."

"आणि सुई रद्द झाली की हा वाचला?"

तो जरा खाकरला. "तसं नाही. सुई नको म्हणणाऱ्यानं मरायचा दुसरा उपाय स्वतःच सुचवायचा, असा मोठ्या कोर्टाचा नियम आहे."

"म्हणजे मारणार ते, आणि पसंती आपण सांगायची. पाहुण्याला विचारतात तसं, चहा घेणार की कॉफी?"

"मी अर्जात गॅसनं मारा असं लिहिलंय. सरकारकडे त्याची काही तयारी नाही. ती करता करता वर्षं जातील. तेवढी वर्षं डेल्मरला मिळतील. तुम्ही अर्जाखाली सही केलीत तर..."

"नर्सची सही? त्यावर? चहा संपव आणि ऊठ."

सही त्यानं दुसऱ्या कुणाची तरी घेतली. मी शिरा तपासायला तुरुंगात गेले. डेल्मरचे दोन्ही हात काळ्या डागांनी, जुन्या टोचण्यांच्या गाठींनी भरलेले. मी गरम ओला टॉवेल गुंडाळला, थोडा वेळ त्याच्या आईबद्दल गप्पा मारल्या आणि डोळे मिटून बोटानं चाचपत गेले. डाव्या हाताला, कोपराच्या बरीच खाली, खोल, ती होती. चांगली टपोरी होती मेली.

फिंचरला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "विचारलं नाही तर बोलू नका," म्हणाला.

कोर्टात सरकारी वकील हॅस्केल उठला. लोण्याचा गोळा जिभेवर ठेवून बोलणारा माणूस. "बाई, माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात तुमच्यासारखीच एक देवमाणूस नर्स होती. तुम्हाला शीर सापडलीच नाही, असा पेशंट कधी झाला?"

"नाही."

"आणि डेल्मर पूलची?"

बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती. "सापडली," मी म्हटलं. फिंचरनं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"पण मला सापडली, साहेब. तुमच्या त्या खोलीत माझ्यासारखी कोण येणार? टोचता येतं त्या आम्ही जीव वाचवायची शपथ घेतलेल्या. आम्ही येत नाही. म्हणून तुमच्या वाट्याला येतात ते ज्यांना काही येत नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "प्रश्न शीर आहे की नाही एवढाच होता, बाई. शीर आहे." अर्ज फेटाळला. नवी तारीख पडली.

बाहेर व्हरांड्यात हॅस्केलनं मला गाठलं. "त्या दिवशी टोचायला तुम्हीच या. विचार करा. नाव कुठंही येणार नाही."

"तुझ्या आईच्या नर्सला विचारलंस का रे?" मी म्हटलं. तो हसला नाही, पण रागावलाही नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

डेल्मरला तोंड दाखवायला मी गेले. आधी गाडीत बसून रडून घेतलं. त्याला सगळं कळलेलं होतं.

"मिस व्हर्लीन, तुम्हाला सापडली म्हणे."

"हो रे. कोर्टात खोटं बोलवेना."

"मग तुम्हीच या ना. मरायला मी तयार आहे. त्या टोचाटोचीलाच भितो."

"मला नाही येता येणार, डेल्मर. मी नर्स आहे."

तो विचार करत बसला. त्याला वेळ लागतो. "म्हणजे ज्यांना टोचता येत नाही तेच येणार."

"हो."

"मग कुठं आहे ती मला तरी दाखवून ठेवा. मी सांगेन त्यांना."

फिंचर असता तर खुर्चीवरून पडला असता. मी दाराबाहेरच्या शिपायाकडे पाठ केली. डेल्मरचं उजवं बोट धरून त्याच्या डाव्या हातावर ठेवलं, जरा खाली सरकवलं. "हळू दाब. रग लागेपर्यंत नाही. आता सोड. पुन्हा दाब. खालून उसळी येते बघ."

त्यानं डोळे मिटले. ओठ हलत होते. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"सापडली," तो म्हणाला.

शिकाऊ पोरींना मी आयुष्यभर जे म्हणत आले, तेच माझ्या तोंडून निघून गेलं. "शाब्बास," मी म्हटलं.