पाखऱ्याची हजेरी

तलवाड्यात मी कंप्युटरचा क्लास चालवतो. पोरं मला त्रिंबक सर म्हणतात आणि मी ते मनावर घेतो, हाच माझा मूळ आजार. त्या आजारापायीच दुष्काळाच्या उन्हाळ्यात, आमच्या दूध संस्थेनं चारा छावणी उघडली तेव्हा, "हे तर माझ्या डाव्या हाताचं काम," असं मी भर बैठकीत बोलून बसलो.

काम असं होतं. मागच्या मोठ्या दुष्काळातही संस्थेनं छावणी चालवली होती. तेव्हा हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर काही जणांनी दुप्पट चारा उचलला, मारामाऱ्या झाल्या. म्हणून सर्वसाधारण सभेनं ठराव केला की चारा मिळेल तो कंप्युटरच्या चिठ्ठीवरच, आणि तीही एका इंजिनियरनं त्यासाठी खास बनवलेल्या प्रोग्रॅममधून निघालेल्या. पुढची सभा होईपर्यंत ठराव बदलता येत नाही. आमचे चेअरमन भगवानराव एक वेळ देवाला चुकतील, ठरावाला चुकायचे नाहीत.

पण तो प्रोग्रॅम विंडोज अठ्ठ्याण्णवशिवाय हलत नव्हता, आणि ते ज्या कंप्युटरवर होतं तो गोदामात मरून पडला होता.

"तवा चालला, आता कावून न्हाई?" भगवानरावांनी विचारलं.

मी खुर्ची पुढे ओढली आणि व्हर्च्युअल मशीन या विषयावर व्याख्यान दिलं. नव्या लॅपटॉपच्या पोटात जुना कंप्युटर चालवायचा. तो खरा नसतो, पण आतल्या प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्या जुन्याच घरात आहोत.

"म्हंजे त्याला फसवायचं," भगवानराव म्हणाले. माझ्या व्याख्यानाचं त्यांनी तीन शब्दांत वाटोळं केलं.

जुन्या डब्यातली हार्डडिस्क काढून मी तिची जशीच्या तशी नक्कल उतरवली. आताची तारीख प्रोग्रॅमला पटेना, म्हणून आतलं घड्याळ मागच्या दुष्काळात नेऊन ठेवलं. लॅपटॉपमधून विंडोजचा तो जुना सूर निघाला तेव्हा मी अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं. सगळे चाऱ्याच्या गाडीकडे पाहत होते. चिठ्ठ्या मागच्या दुष्काळाच्या तारखेनं निघाल्या, पण त्याचंही कोणाला काही वाटलं नाही. बाहेर तसंच ऊन होतं.

घोटाळा झाला तो जशीच्या तशी नक्कल केल्यामुळे. मागच्या छावणीतली जनावरंही आत जशीच्या तशी उभी होती. त्यांतली बहुतेक कधीच मेली होती, पण प्रोग्रॅमच्या हिशेबी त्यांनी आपापले खुंटे अडवून ठेवले होते. उरलेल्या खुंट्यांवर मी गावची जनावरं घातली आणि जागा संपली.

मग मंजुळाबाई आल्या. त्या ऊसतोडीला गेल्या होत्या, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर परतल्या. तिकडे उसाच्या शेंड्यांवर, वाढ्यांवर जगलेली त्यांची एकुलती एक गाय इकडे आल्यापासून उपाशी होती. मी तिची नोंद करायला गेलो, तर पडद्यावर आलं, जागा शिल्लक नाही.

मेलेली जनावरं काढायला पासवर्ड लागत होता आणि तो इंजिनियर कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं. मी ग्रामदैवताचं नाव घालून पाहिलं, लिंबागणेशच्या गणपतीला साकडं घातलं, शेवटी इंजिनियरच्या नावानं दोन शिव्याही टाइप केल्या. काहीच लागू पडलं नाही.

"मावशी, तांत्रिक अडचण आहे," मी म्हणालो.

"मंग गाईला काय सांगू, सर? तांत्रिक अडचण हाय म्हनू?"

गाय तेवढ्यात टेबलाखाली पडलेल्या माझ्या रद्द चिठ्ठ्या चघळत होती. मला इतकी लाज वाटली की त्या चिठ्ठ्या तिच्या तोंडातून ओढायचंही सुचलं नाही. मी भगवानरावांकडे गेलो. तेही गायीकडे बघून कळवळले, पण ठराव तो ठराव.

छावणीत रोज सकाळी हजेरी व्हायची. प्रोग्रॅममधलं प्रत्येक नाव पुकारायचं, मालकानं जनावर पुढे आणायचं, मगच चिठ्ठी. मेलेल्यांचीही नावं निघायची आणि भगवानराव तीही पुकारायचे, कारण ठरावात "प्रत्येक" असं होतं. कोणी पुढे आलं नाही की चिठ्ठी फाडायची. शहादेव नावाचा म्हातारा शेतकरी रोज हजेरीला येऊन बसायचा. त्याच्या घरी आता एकही जनावर नव्हतं. "पाखऱ्या, बैल" असं त्याच्या मेलेल्या बैलाचं नाव निघालं की तो मान खाली घालायचा आणि चिठ्ठी फाटली की उठून घरी जायचा. त्याला काय होत असेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी पासवर्ड शोधत होतो.

मंजुळाबाई आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी नेहमीसारखं पुकारलं, "शहादेव. पाखऱ्या, बैल."

"हाजर हाय," शहादेव म्हणाला.

दावं धरून तो पुढे आला. दाव्याला मंजुळाबाईंची गाय होती. मंजुळाबाई मागे पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. हे नियमात कसं बसेल ते समजावून सांगायला मी घसा साफ केला, तर शेजारी चारा मोजणाऱ्या बंकटनं माझ्या पायावर पाय दिला.

भगवानरावांनी चष्मा पुसला. गायीची शिंगं पाहिली, कास पाहिली, मग बराच वेळ शहादेवकडे पाहिलं.

"लई वाळला की रं तुझा बैल," ते म्हणाले आणि चिठ्ठीवर शिक्का मारला. "पोटभर टाका रं त्याला."

चारा पुढ्यात पडताच गायीनं मान खाली घातली. शहादेवनं दावं मंजुळाबाईंच्या हातात दिलं, पण तो घरी गेला नाही. तिचं खाऊन होईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून तिथंच उभा राहिला.